ओळंबा

फरशीतला एक दगड उचलून बाजूला ठेवला गेला. माहिती सांगणाऱ्या आजींनी एक लांब काठी त्या भोकातून खाली सोडली आणि वर काढून आम्हाला दाखवली. टोक ओलं होतं. आमच्यातल्या शाळकरी मुलांनी "ओ!" केलं. मी मात्र गप्प झाले. एकतीस वर्षं मी पुण्यात इमारतींची स्ट्रक्चरल डिझाइनं केली. पायाच्या खड्ड्यात हातभर खोलीवर पाणी लागलं की काय धावपळ उडते, पंप कुठून आणायचे, काँक्रीटची गाडी कशी थांबवायची, हे माझ्या अंगवळणी पडलेलं. आणि इथे, इंग्लंडमधल्या सॉल्झबरीच्या कॅथीड्रलमध्ये, म्हणजे बिशपच्या मोठ्या चर्चमध्ये, पायाशी पाणी आहे हे पाहुण्यांना कौतुकाने दाखवत होते.

पाया किती खोल? चार फूट. त्याखाली नदीने आणून टाकलेल्या खडीचा जाड, घट्ट थर. आणि वर 123 मीटर उंचीचा दगडी मनोरा. त्याच्या बुरुजाचं आणि शिखराचं मिळून वजन सुमारे 6,500 टन. हे आकडे मला आधीपासून माहीत होते, पण ती ओली काठी बघितल्यावर पोटात काहीतरी हललं.

मुलगी आणि जावई साउदम्प्टनला राहतात. व्हिसाच्या सहा महिन्यांत नातवाला सांभाळायचं, आणि मुलीला सुट्टी असेल त्या दिवशी आपण गाडी पकडून कुठेतरी जायचं, असं ठरलं होतं. सॉल्झबरी आणि विंचेस्टर दोन्ही हाताशी. पहिल्या महिन्यात जे सुरू झालं ते सहाव्या महिन्यापर्यंत सुटलं नाही. मुलगी म्हणाली, "आई, तू देवळं बघतेस की साइट व्हिजिट करतेस?" तिचं खरं होतं.

सॉल्झबरीत बुरुजाच्या खाली मधोमध उभं राहून वर बघा. चार मोठे खांब आहेत, त्यांना चिकटून काळसर, गुळगुळीत, सडपातळ असे उपखांब. त्यांना 'पर्बेक मार्बल' म्हणतात, पण तो संगमरवर नाही. डॉर्सेटमधला चुनखडीचाच दगड, गोड्या पाण्यातल्या गोगलगायींच्या शंखांनी भरलेला. घासला की चकाकतो म्हणून मार्बल. जवळ जाऊन बघितलं की ते शंख दिसतात. आणि मग नजर खांबावरून वर सरकवत नेली की लक्षात येतं, खांब वाकलेत. अगदी उघड्या डोळ्यांना दिसतील इतके वाकलेत. ओझ्याखाली माणूस वाकावा तसे.

याचं कारण असं की ज्यांनी हे खांब उभे केले त्यांनी वरचं ओझं मनात धरलेलंच नव्हतं. सॉल्झबरीचं जुनं कॅथीड्रल गावाबाहेर 'ओल्ड सारम'च्या टेकडीवर होतं. टेकडी म्हणजे आपल्याकडचा गडच. वर किल्ला, सैनिक, सोसाट्याचा वारा, पाण्याची बोंब. पाद्री आणि किल्ल्यातली शिबंदी यांचं पटेना. शेवटी ते खाली नदीकाठच्या सपाट जमिनीवर आले. 1220 साली पायाचे दगड बसले आणि 1258 मध्ये मुख्य इमारतीचा अर्पणविधी झाला. अडतीस वर्षांत एवढं मोठं काम, तेही एका धाटणीत. इंग्लंडमधली बहुतेक कॅथीड्रल शेकडो वर्षं तुकड्यातुकड्यांनी वाढलेली असतात, त्यामुळे हे विशेष. पण तेव्हा मध्यभागी फक्त एक बसका बुरुज होता. उंच बुरुज आणि त्यावरचं शिखर चढवलं ते चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला, म्हणजे नातवंडा-पतवंडांनी. आजोबांनी बांधलेल्या दुमजली घरावर पुढच्या पिढ्यांनी दहा मजले चढवावेत, तसं.

त्यांना कळत नव्हतं असं नाही. शिखराच्या दगडी भिंती तळाशी दोन फूट जाडीच्या आहेत, आणि थोडं वर गेल्यावर जेमतेम आठ इंचांच्या. वजन कमी ठेवायचं म्हणून. आत लाकडी सांगाडा आहे. शिखर बांधताना तीच परांची होती, आणि काम झाल्यावर ती काढली नाही, आतच ठेवली. सातशे वर्षं ती परांची तिथे आहे. दगड वर ओढायचा लाकडी रहाटही वर आहे. माणसं त्या चाकाच्या आत चालत, चाक फिरे, दोर गुंडाळला जाई, दगड वर येई. शिडीवरून वाकून वाकून तिथवर गेले आणि त्या चाकाच्या लाकडावर हात ठेवला. पायांनी झिजलेलं लाकूड हाताला कळतं. आमच्या वाईच्या वाड्याच्या जिन्याला तशी झीज आहे.

तरीही खांब वाकलेच. मग पुढच्यांनी काय केलं? खांबांच्या मधोमध आडव्या दगडी कमानी घातल्या, खांबांनी आणखी आत झुकू नये म्हणून. भिंतींच्या आत, बाहेरून दिसणार नाहीत असे आधार दिले. लोखंडी पट्टे आवळले. 1668 मध्ये बिशपने आपल्या एका मित्राला तपासणीला बोलावलं. तो मित्र म्हणजे क्रिस्टोफर रेन. लंडनच्या सेंट पॉलचा वास्तुकार अशी त्याची ओळख अजून व्हायची होती. त्याने शिखराच्या टोकापासून ओळंबा, म्हणजे दोरीला टांगलेलं वजन, धरला आणि सांगितलं, शिखर सुमारे 75 सेंटिमीटर कललं आहे. आणखी लोखंडी पट्टे सुचवले. पाडा म्हणाला नाही. ओळंबा जिथे टेकतो ती जागा खाली जमिनीत पितळेने खूण करून ठेवली आहे. नंतरच्या मोजण्यांत कल वाढलेला आढळला नाही. मी त्या खुणेजवळ बराच वेळ उभी होते.

माझ्या अण्णांचाही ओळंबा पितळी होता. अण्णा गवंडी. वाईत आणि कृष्णाकाठच्या गावांतून त्यांनी वाडे दुरुस्त केले, घाटाच्या पायऱ्या बसवल्या, देवळांच्या ओवऱ्या सावरल्या. लिहिता-वाचता बेताचं येई, पण भिंतीकडे एका डोळ्याने बघून "सूतभर बाहेर आहे" म्हणत आणि मग ओळंबा सोडून दाखवत. सूतभरच निघे. पहाटे घरामागे चुन्याची घाणी फिरायची. दगडी चाकाचा घरघराट, बैलाच्या गळ्यातली घंटा, आणि विझवलेल्या चुन्याचा तो नाकाला झोंबणारा ऊन वास. माझं लहानपण या आवाजात आणि वासात गेलं. मी इंजिनिअर झाले तेव्हा त्यांना फार आनंद झाला. मला मात्र त्या चुन्याची लाज वाटायला लागली होती. हे लिहिताना आज जड जातं, पण तसंच होतं.

विंचेस्टरला गेले ते एका कारागिरामुळे तिथेच अडकले. कॅथीड्रलच्या आवारातल्या एका जुन्या भिंतीच्या दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी, भरायचं काम चाललं होतं. तरणा मुलगा, गुडघ्यांवर बसलेला, हातात अरुंद थापी. त्याच्या घमेल्यातला माल बघितला आणि पाय थबकले. राखाडी नव्हता. दुधाळ पिवळसर होता. मी विचारलं, "चुना आहे का?" त्याने मान वर केली. "हो, नुसता चुना आणि वाळू." भरलेल्या दरजांवर त्याने ओलं गोणपाट टांगलं होतं. उन्हाने आणि वाऱ्याने माल भसकन सुकू नये म्हणून. आमच्या घरीही हेच. गोणपाट भिजवत ठेवायचं काम आम्हा मुलांचं असे, आणि खेळाच्या नादात विसरलं की पाठीत धपाटा. त्याला म्हटलं, माझे वडील हेच करायचे, भारतात. तो उठून उभा राहिला, हात पुसले, आणि मला थापी दिली. एक वीतभर दरज मी भरली. त्याने ती तशीच ठेवली, खरवडली नाही.

चुना मला त्या दिवशी नव्याने कळला असं म्हणणार नाही, पण नव्याने आठवला. चुनखडी भट्टीत नऊशे अंशांच्या आसपास तापवली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात टाकला की उकळतो, फसफसतो, विझतो. वाळूत मळून भिंतीत घातला की हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत घेत घेत तो पुन्हा चुनखडी होतो. म्हणजे दगडाचा पुन्हा दगड. पण हे व्हायला घाई चालत नाही. मध्ययुगातले इंग्लंडचे गवंडी हिवाळ्यात काम थांबवत. अर्धवट भिंतींचे माथे पेंढ्याने आणि शेणखताने झाकून ठेवत, कारण ताज्या चुन्यात पाणी गोठलं तर तो फुटतो. एका मोसमात भिंत किती उंच चढवायची यालाही मर्यादा. मागच्या वर्षीचा चुना धरला, भिंत बसली, मग पुढचा थर. हे कळल्यावर त्या इमारतींना लागलेल्या वर्षांचा हिशेब वेगळा दिसायला लागतो. गिलाव्यात ते लोक जनावरांचे केस मिसळत. आपण ताग कातरून घालायचो. गूळ, बेलफळ, हिरडा हे आपलं खास.

आणि चुना दगडापेक्षा मऊ असतो. ही त्याची उणीव आहे असं मी कॉलेजात शिकले. खरं तर तेच त्याचं काम आहे. भिंत थोडी हलली तर दरज ते सोसते, दगड तडकत नाही. भिंतीत ओल शिरली तर दरजेतून बाहेर पडते. झिजायचं असेल तर चुना झिजतो, आणि चुना पुन्हा भरता येतो. 1824 मध्ये लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं. विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये शेकडो जुन्या भिंतींच्या दरजा याच कडक, न झिरपणाऱ्या सिमेंटने भरल्या गेल्या, चांगल्या हेतूने. ओल आतच अडकली. थंडीत गोठली. दरजा जशाच्या तशा राहिल्या आणि दगडांचे पापुद्रे सुटले. अशा भिंती मी पाहिल्या. सिमेंटची जाळी पुढे आलेली आणि मधले दगड खोल गेलेले, वठलेल्या मधाच्या पोळ्यासारखे. त्या भिंतीवरून बोट फिरवताना मला आमचा वाडा दिसत होता.

त्याबद्दल सांगते, पण आधी विंचेस्टर.

हे कॅथीड्रल 1079 मध्ये सुरू झालं, फ्रान्सकडून आलेल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर तेरा वर्षांत. नॉर्मन बांधकाम म्हणजे जाडच जाड भिंती, गोल कमानी, बाहेर घडवलेला दगड आणि पोटात चुन्यात कालवलेले डबर. 1107 मध्ये मधला बुरुज कोसळला. तो पुन्हा बांधताना लोक इतके धास्तावले होते की नव्या बुरुजाचे खांब अवाढव्य केले, नजर अडेल इतके. तिथे एक गंमत आहे. जुन्या आणि नव्या कामाचा सांधा तुम्ही दरजांवरून ओळखू शकता. 1107 पूर्वीच्या दरजा रुंद, चुन्याचा जाड थर घातलेल्या. नंतरच्या बारीक, दगडाला दगड नीट घडवून बसवलेला. तीसेक वर्षांत हात सुधारला होता! तारीख कोरलेली नाही, शिलालेख नाही, तरी भिंतीने सांगितलं. मी दोन्ही प्रकारच्या दरजांवर अंगठा ठेवून बघितला. जाड दरजेत अंगठा आडवा मावतो.

मग चौदाव्या शतकाच्या शेवटी तऱ्हा बदलली. उंच, टोकदार, प्रकाशाने भरलेली जागा हवीशी झाली. विल्यम विनफर्ड नावाच्या मुख्य गवंड्याकडे काम होतं. त्याने जुना नॉर्मन सभामंडप पाडला नाही. जुन्या जाड खांबांनाच काही ठिकाणी छिन्नीने तासून, काही ठिकाणी नवा दगड चढवून, नवं रूप दिलं. आज त्या मंडपात उभं राहिलं की सरळ वर धावणाऱ्या रेषा दिसतात, आणि प्रत्येक रेषेच्या पोटात अकराव्या शतकाचा खांब आहे.

पण विंचेस्टरची खरी गोष्ट जमिनीखाली आहे. नदीकाठ, खाली पाणथळ कुजकट माती. तेराव्या शतकात पूर्वेकडे वाढवलेला भाग त्या मातीवर बीच झाडाच्या ओंडक्यांचा तराफा अंथरून त्यावर उभारला होता. ओंडके दबले. 1905 पर्यंत भिंतींना मोठमोठ्या भेगा गेल्या, इमारत पडणार अशी स्थिती आली. वास्तुकार थॉमस जॅक्सन आणि अभियंता फ्रान्सिस फॉक्स यांनी ठरवलं की भिंतीखाली थोडं थोडं खणून कठीण थरापर्यंत नवा पाया न्यायचा. खणलं की पाणी भरे. पंपाने उपसावं तर पाण्याबरोबर मातीही येई आणि भिंत आणखी खचे. हा पेच कोणत्याही साइटवरच्या माणसाला ओळखीचा वाटेल. त्यांनी काढलेला तोडगा मात्र कुठल्याही पुस्तकात नव्हता. त्यांनी पाणबुड्या आणला.

त्याचं नाव विल्यम वॉकर. 1906 ते 1911 या काळात तो रोज सुमारे सहा तास त्या खड्ड्यांतल्या पाण्याखाली काम करत होता, वीस फूट खोलीपर्यंत. माती मिसळलेल्या त्या पाण्यात प्रकाश शिरत नसे. तो सगळं काम काळोखात, हाताने चाचपून करायचा. अंगावरच्या पोशाखाचं वजन नव्वद किलोच्या घरात. तो काढाघालायला इतका वेळ लागे की जेवायला वर आला तरी नुसतं शिरस्त्राण काढी. तळाशी काँक्रीटच्या पिशव्या रचायच्या, फाडायच्या, तळ बंद करायचा. मग पाणी उपसलं की गवंडी उतरून वरचा पाया बांधत. असे 235 खड्डे. 25,000 हून जास्त पिशव्या, 1,15,000 काँक्रीटचे ठोकळे आणि 9,00,000 विटा. आठवड्याच्या शेवटी तो सायकलने क्रॉयडनला घरी जायचा, सत्तरेक मैल. काम संपल्यावर 1912 मध्ये आभाराची मोठी प्रार्थना झाली, राजा हजर होता. 1918 मध्ये इन्फ्लुएंझाच्या साथीत वॉकर गेला.

पुढे त्याचा छोटा पुतळा करायचा ठरलं. शिल्पकाराने ज्या फोटोवरून काम केलं त्यात गल्लत झाली आणि पाणबुड्याच्या पोशाखावर चेहरा आला तो अभियंता फॉक्सचा. कितीतरी वर्षं तो तसाच उभा होता. 2001 मध्ये योग्य चेहऱ्याचा पुतळा बसला. हे ऐकून माझे डोळे भरून आले. आमच्या धंद्यात हे पुतळ्याशिवायही रोज होतं. ड्रॉइंगवर नाव माझं, आणि खड्ड्यात उतरणारा माणूस वेगळा. अण्णांनी बसवलेल्या एकाही पायरीवर त्यांचं नाव नाही.

जुन्या पाथरवटांची मात्र खूण असे. घडवलेल्या दगडावर टाकीने दोन-तीन रेघांची निशाणी करायची, कुणी किती दगड घडवले याचा हिशेब चुकता व्हावा म्हणून. चांदणी, बाण, दोन त्रिकोण. पण बऱ्याच खुणा दगडाच्या आतल्या बाजूला जातात आणि कायमच्या चुन्यात गाडल्या जातात. यॉर्कच्या कॅथीड्रलमध्ये चॅप्टर हाउसच्या, म्हणजे पाद्र्यांच्या सभागृहाच्या, प्रवेशदालनावर एक माडी आहे, तिच्या जमिनीवर जिप्समचा गिलावा केलेला आहे. मुख्य गवंडी त्यावर मोठ्या कंपासने खिडकीची नक्षी पूर्ण मापात कोरून काढी. त्यावरून सुतार लाकडी फरमे कापत, आणि फरम्यांवरून पाथरवट दगड घडवत. कागद महाग, म्हणून जमीनच ड्रॉइंग बोर्ड. त्या रेघा अजून आहेत, एकावर एक, शेकडो वर्षांच्या. मी यॉर्कला थंडीत गेले होते. आजवर पाहिलेल्या सगळ्या ड्रॉइंगमध्ये मला ते सगळ्यात सुंदर वाटलं.

या लोकांकडे ताण आणि दाब मोजायचं गणित नव्हतं. मग कमानी कशा उभ्या राहिल्या? हे मी नातवाला गळ्यातली साखळी काढून दाखवलं. दोन्ही टोकं धरली की साखळी आपोआप एक वळण घेते, त्यात फक्त ओढ असते. ते वळण तसंच्या तसं उलटं कर, की त्या आकाराची दगडी कमान फक्त दाबावर उभी राहील. हे रॉबर्ट हुक या इंग्लिश शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात सांगितलं. 1675 मध्ये छापलं तेही लॅटिन वाक्याची अक्षरं विस्कटून, कुणी चोरू नये म्हणून. रेन त्याचा मित्र. सेंट पॉलच्या बाहेरून दिसणाऱ्या घुमटाच्या आत विटांचा एक शंकू लपलेला आहे, आणि माथ्यावरचा सुमारे 850 टनांचा दगडी 'कंदील', म्हणजे खिडक्यांचा छोटा मनोरा, तो शंकू पेलतो. बाहेरचा घुमट म्हणजे लाकडावर शिशाचा पत्रा. आतून दिसणारा घुमट तिसराच. गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींच्या मध्ययुगीन शैलीत बांधणाऱ्या, गवंड्यांना हुकचं सूत्र ठाऊक नव्हतं, पण त्यांना प्रमाण ठाऊक होतं. दगडाच्या कामात दगड चिरडला जाण्याची भीती फारच कमी. भीती असते ती तोल बाहेर जाण्याची. तोल आकाराचा असतो, आणि आकार लहान कमानीत साधला की मोठ्या कमानीतही साधतो. अण्णा याला "बसणं" म्हणत. "कमान बसली का बघ." मी त्यांना सूत्र विचारायचे.

ईलीचं सांगायलाच हवं. केंब्रिजच्या उत्तरेला सपाट दलदलीच्या प्रदेशात हे कॅथीड्रल मैलभरावरून जहाजासारखं दिसतं. फेब्रुवारी 1322 मध्ये रात्रीची प्रार्थना संपवून साधू झोपायला निघाले आणि मधला बुरुज कोसळला. भूकंप झाला असं त्यांना वाटलं. शेजारी नव्या चॅपलचा पाया खणत होते, त्याने जमिनीतलं पाणी हललं असावं असा अनेकांचा तर्क आहे. देखरेख करणारा साधू ॲलन ऑफ वॉल्सिंगहॅम. तिथल्या बखरीत लिहिलंय की तो दुःखाने इतका खचला की कुठे वळावं हे त्याला कळेना. मग त्याने ढिगारा उपसायला घेतला. आणि उपसल्यावर त्याने जे ठरवलं ते माझ्या मते इंग्लंडमधल्या सगळ्या बांधकामांतला सर्वांत धाडसी निर्णय आहे. पडलेले चार खांब पुन्हा उभारायचेच नाहीत. मध्यभाग मोकळा ठेवायचा आणि भार बाहेरच्या आठ ठिकाणी वाटून द्यायचा.

अष्टकोन झाला सुमारे 22 मीटर रुंद. एवढ्या गाळ्यावर दगडी छत टाकणं शक्य नव्हतं. राजाचा सुतार विल्यम हर्ली आला. 63 फूट लांबीचे आठ ओक शोधायला माणसं इंग्लंडभर फिरली. ते आठ खांब अधांतरी उभे करून त्यांवर कंदील बसवला, लाकूड आणि शिसं मिळून शेकडो टन. खालून बघताना तो हवेत तरंगतोय असं वाटतं, आणि त्याच्या काचांमधून खाली प्रकाश उतरतो. वीसेक वर्षं काम चाललं. बुरुज पडला नसता तर हे कधीच झालं नसतं. मी तिथे बाकावर बसून राहिले, परतीची गाडी चुकली.

त्या कंदिलाची डागडुजी एकोणिसाव्या शतकात वास्तुकार जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने केली. सॉल्झबरीच्या बुरुजात लोखंडी तिढे घालणाराही तोच. आणि मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर ज्याने रेखाटला, तोही हाच. प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावाने पैसे दिले, स्कॉटने लंडनमध्ये बसून नकाशे केले. तो मुंबईला कधीच आला नाही. मार्च 1878 मध्ये तो वारला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मनोरा पुरा झाला. कुर्ल्याचा पिवळसर दगड घडवला तो इथल्या हातांनी. मी कितीदा ओव्हल मैदानावरून त्या मनोऱ्याकडे बघत गेले असेन. ईलीच्या बाकावर बसून तो आठवला तेव्हा दोन्ही जागा एकाच घरातल्या वाटल्या.

स्कॉटवर त्याच्या हयातीत टीकाही झाली, आणि ती मला पटते. जुनी इमारत 'मुळात असावी तशी' करायच्या नादात मधल्या शतकांची कामं काढून टाकली जात होती. ट्यूक्सबरीच्या मठात तो असंच काही करणार म्हणून कवी आणि नक्षीकार विल्यम मॉरिस खवळला आणि 1877 मध्ये त्याने प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. त्याचं म्हणणं साधं होतं. इमारतीला जुन्या काळात परत नेऊ नका. रोज थोडी काळजी घ्या. गळणारं छप्पर वेळेवर नीट करा, टेकू द्या, आणि टेकू हा टेकूच दिसू द्या. संस्था आजही काम करते. विंचेस्टरचा तो पोरगा चुना वापरत होता, त्यामागे ही सगळी परंपरा आहे.

सुतारकामावर वेगळा लेख लिहावा लागेल. वेस्टमिन्स्टर हॉलचं ओकचं छत 1393 पासून ह्यू हर्लंडने फार्नहॅमला जमिनीवर जोडलं, खुणा घालून सुटं केलं, गाड्यांतून आणि होड्यांतून लंडनला नेलं आणि वीस मीटरच्या गाळ्यावर मधे एकही खांब न देता चढवलं. 1779 मध्ये सेव्हर्न नदीवर जगातला पहिला मोठा लोखंडी पूल झाला, तर त्याचे ओतीव तुकडे जोडले ते सुतारासारखे, खाच आणि कूस करून. वस्तू नवी होती, हात जुनाच होता.

आता वाड्याचं. अण्णा अंथरुणाला खिळले त्या वर्षी मागच्या भिंतीला ओल आली. मी पुण्याहून गेले, बघितलं, आणि सगळा चुन्याचा गिलावा खरवडून सिमेंटचा करायला सांगितलं. अण्णा पडल्या पडल्या म्हणाले, "आत आलेली ओल जाणार कुठून, पोरी?" मी म्हटलं, "अण्णा, आता ओल येणारच नाही." ते पुढे बोलले नाहीत. चार पावसाळ्यांत सिमेंटच्या पाठीमागे विटांचा भुगा झाला. गिलावा वरून धड, हात मारला की पोकळ वाजे. तोवर अण्णा गेले होते. धाकट्या भावाने मला कधी बोल लावला नाही.

निघायच्या आदल्या आठवड्यात पुन्हा सॉल्झबरीला गेले, एकटी. आवाराच्या भिंतीत ओल्ड सारमच्या पाडलेल्या कॅथीड्रलचे नक्षीचे दगड बसवलेत. कुठे पान, कुठे नागमोडी पट्टी, आडवेतिडवे. ते बघत बाहेरून चक्कर मारली. मग आत जाऊन त्या पितळी खुणेपाशी थांबले आणि बाहेर येऊन हिरवळीवर बसून भावाला फोन लावला. तिकडे रात्रीची जेवणं झाली होती.

म्हटलं, "मागच्या भिंतीचं सिमेंट काढायचंय. दिवाळीनंतर, पाऊस सरला की. चुन्याने करू."

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ताई, चुना मळणारं कोण राहिलंय आता?"

"आपण मळू. घाणीचं चाक कुठंय?"

"परसात आहे की. आईने त्यावर तुळशीची कुंडी ठेवली होती, तीच आहे अजून." मग म्हणाला, "हलवायला चार माणसं लागतील. बोलावून ठेवतो."